मुंबई-दिल्ली विमानाने ११३८ किमी, मग तिकिटावर सव्वादोन तास कुठून येतात?

अक्षांश (धागाकर्ता)
मंडळी, एक हिशेब जुळत नाहीये. मुंबई आणि दिल्ली विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे ११३८ किमी आहे. एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ उंचीवर पोचल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास उडतं. भागाकार केला की १ तास २२ मिनिटं येतात. तिकिटावर मात्र २ तास १० ते २ तास २० मिनिटं छापलेली असतात. वरची पन्नासेक मिनिटं जातात कुठे?
दुसरं, मुंबई-नागपूर ६८३ किमी, म्हणजे दिल्लीच्या ६० टक्के. तरीही वेळ दीड तासाच्या वर, म्हणजे जवळजवळ ७० टक्के. अंतराच्या प्रमाणात वेळ का कमी होत नाही?
आणि फक्त दोन शहरांतलं अंतर माहीत असेल, तर एकूण वेळेचा अंदाज बांधायची काही सोपी रीत आहे का? जाणकारांनी लिहावं.

धावपट्टी_सत्तावीस
तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसतेच. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकांखालचे चॉक काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि दिल्लीत स्टँडवर थांबून पुन्हा चॉक लागले की बंद. पुशबॅक (विमान जागेवरून मागे ढकलणं), टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून चालणं), धावपट्टीच्या तोंडाशी रांग, उतरल्यावरची टॅक्सी हे सगळं त्यात धरलेलं असतं. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ या मार्गावर साधारण १ तास ४० मिनिटं.

नॉटिकल
विमान स्वतःच या चार वेळा नोंदवतं: आउट, ऑफ, ऑन, इन. दारं बंद होऊन पार्किंग ब्रेक सुटला की आउट. चाकांवरचा भार गेला की ऑफ, भार परत आला की ऑन. स्टँडवर ब्रेक लागला की इन. आउट ते इन म्हणजे ब्लॉक, ऑफ ते ऑन म्हणजे प्रत्यक्ष उड्डाण. विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर 'सुटलं' म्हणून दिसणारी वेळ बहुधा ऑफची असते. म्हणून तिथे विमान वीस मिनिटं उशिरा सुटलेलं दिसतं आणि तरीही वेळेवर पोचतं.

सह्याद्रीपल्याड
११३८ हा आकडा कसा आला? एका साइटवर ७०७ लिहिलंय, दुसरीवर ६१४.

नॉटिकल
तिन्ही बरोबर आहेत, फक्त एककं वेगळी. ६१४ सागरी मैल, ७०७ साधे मैल, ११३८ किलोमीटर. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. विमानवाहतुकीत सागरी मैलच चालतो, आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत.
घरी कागदावर काढायचं असेल तर असं करा. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशांतला फरक ९.४८ अंश. रेखांशांतला फरक ४.२३ अंश, पण रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मधला अक्षांश २३.८३, कोसाइन ०.९१५, गुणाकार ३.८७. आता काटकोन त्रिकोण: ९.४८ चा वर्ग अधिक ३.८७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ १०.२४ अंश. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणून ६१४. भारताच्या आतल्या अंतरांना ही रीत एक-दोन किलोमीटरच्या फरकाने बरोबर उत्तर देते. मुंबई-लंडनला वापरू नका. तिथे पृथ्वीचा गोलावा सोडून चालत नाही, हॅवरसाइन सूत्रच लागतं.
हीच सरळ रेघ नकाशावर ओढली तर जव्हारवरून निघते, अलिराजपूरजवळून आणि रतलामच्या थोड्या पश्चिमेने वर जाते, कोटा उजव्या हाताला ठेवून दौसा आणि अलवरवरून दिल्लीत शिरते.

मोपाकरीण
छान समजावलंत. म्हणजे राजधानीही साधारण तिथूनच जाते की!

सह्याद्रीपल्याड
रतलाम-कोटा पट्ट्यात हो. पण रेल्वेचं अंतर १३८४ किमी भरतं, कारण ती आधी किनाऱ्याने सुरत-वडोदरा करून मग ईशान्येला वळते आणि पुढे मथुरेमार्गे जाते. वेळ साडेपंधरा तास.

धावपट्टी_सत्तावीस
विमानही त्या सरळ रेघेवरून जात नाही, अक्षांशजींची पहिली काही मिनिटं तिथेच गळतात. मुंबईत बहुतेक वेळा २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून पश्चिमेकडे उड्डाण होतं, म्हणजे विमान आधी जुहूच्या समुद्रावर जातं आणि मग उजवीकडे वळून उत्तर धरतं. दिल्लीतही पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं असेल तर शहराला वळसा घालून पूर्वेकडून यावं लागतं. मधला रस्ताही ठरलेल्या बिंदूंवरून जातो आणि हवाई दलाची राखीव क्षेत्रं चुकवतो. हे सगळं धरून सरळ अंतरात पाच-सात टक्के वाढवा. ११३८ चे १२१० च्या घरात जातात. ८३० ने भागलं तर ८७ मिनिटं.
आता चढ-उतार. ३५ हजार फूट गाठायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात अंतर कापलं जातं २१० किमीच्या आसपास. पूर्ण वेगात तेवढ्याच वेळात २७५ किमी झाले असते. उतरताना तीन अंशांचा उतार धरतात, म्हणजे दर हजार फुटांना ढोबळ मानाने तीन सागरी मैल. ३५ हजारांवरून, वेग उतरवायला लागणारं थोडं अंतर धरून, ११५ सागरी मैल आधी, म्हणजे २१० किमी अलीकडेच विमान खाली यायला लागतं. दिल्लीला जाताना अलवर यायच्या आधीच इंजिनांचा आवाज बारीक होतो तो यामुळे. दहा हजार फुटांखाली वेगमर्यादा २५० नॉट, आणि शेवटच्या टप्प्यात वेग १४० नॉटच्या आसपास. चढ-उतारात मिळून बारा-तेरा मिनिटं जास्त जातात.
८७ अधिक १३ म्हणजे १०० मिनिटं. ही झाली हवेतली वेळ. त्यात मुंबईचं पुशबॅक आणि टॅक्सी वीस, दिल्लीची टॅक्सी दहा. झाले १३०. उरलेली पाच-दहा मिनिटं कंपनीची राखीव.

मोपाकरीण
म्हणूनच नागपूर कोड्यात टाकतं. वळसा, चढ, उतार, टॅक्सी हे सगळं सहाशे किमीला जेवढं, जवळपास तेवढंच बाराशेला. अंतर कमी झालं की फक्त मधला सरळ वेगाचा तुकडा आखूड होतो. गोव्याला तर तो जेमतेम उरतो. मुंबई-मोपा ३९० किमी, पण वेळ सव्वा तास.

टेकडीवरचा
तरीही कंपन्या वेळ फुगवतात हे खरंच आहे. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचवायचं आणि वर घोषणा करायची. प्रवाशाची ही दिशाभूल नाही का?

गंगापूर_रोड
टेकडीवरचा, अर्धं मान्य. डीजीसीएच्या (नागरी विमानवाहतुकीचं सरकारी नियामक खातं) वक्तशीरपणाच्या आकडेवारीत ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आतलं विमान वेळेवर धरतात. ती टक्केवारी दर महिन्याला जाहीर होते, त्यामुळे वेळापत्रक थोडं सैल ठेवण्याचा मोह असतोच.
पण घट्ट वेळ लावली तर काय होतं तेही पाहा. एकच विमान सकाळी सहापासून रात्रीपर्यंत पाच-सहा फेऱ्या मारतं. मधे जमिनीवर अर्धा-पाऊण तास, त्यात प्रवासी उतरवणं, सफाई, इंधन, सामान, नवे प्रवासी. प्रत्येक फेरीला सात मिनिटं घसरली तर रात्रीच्या विमानाला पाऊण तास उशीर. वर वैमानिकांच्या ड्यूटीच्या तासांची मर्यादा आहे. ती ओलांडली तर विमान उभं आणि वैमानिक घरी. म्हणून राखीव मिनिटं असलेली बरी.

टेकडीवरचा
ठीक. पण मग उशीर झाल्यावर वैमानिक वेग का वाढवत नाहीत?

धावपट्टी_सत्तावीस
वाढवून मिळत काही नाही. माक (ध्वनीच्या वेगाशी विमानाच्या वेगाचं प्रमाण) ०.७८ चा ०.८० केला तर वेग अडीच टक्के वाढतो. या मार्गावर सरळ वेगाचा तुकडा तासाभराचा, म्हणजे वाचली दीड-दोन मिनिटं, आणि इंधन मात्र चांगलंच जास्त. खरी बचत एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रण) दूरच्या बिंदूकडे 'डायरेक्ट', म्हणजे सरळ जायला दिलं तर होते, तीन-चार मिनिटांची.

चांदोबा
जाताना आणि येताना वेळ वेगळी का असते? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून ना?

नॉटिकल
नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं, त्यामुळे तो परिणाम धरायचा नाही. फरक पडतो वाऱ्याने.
हिवाळ्यात उत्तर भारतावर ३५ ते ४० हजार फुटांवर पश्चिमेकडून जोरदार झोत वाहतो, शंभर नॉट ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट नाही. मुंबईहून दिल्लीची दिशा उत्तरेपासून पूर्वेला २२ अंश. पश्चिमेच्या वाऱ्याचा या दिशेतला भाग म्हणजे १०० गुणिले साइन २२, जवळपास ३७ नॉट पाठीवर. येताना तेच ३७ नॉट तोंडावर. उरलेला ९३ नॉट आडवा लागतो, तो तोलायला नाक वाऱ्याकडे तिरकं ठेवावं लागतं, त्यात दोन्ही दिशांना दहाएक नॉट जातात. ४५० नॉटचं विमान जाताना जमिनीवरून ४७७ ने सरकतं, येताना ४०३ ने. सगळा रस्ताभर असा वारा असता तर १४ मिनिटांचा फरक पडला असता. झोत उत्तरेकडच्या अर्ध्या भागातच जोरात असतो, त्यामुळे सात-आठ धरा. पावसाळ्यात हा झोत हिमालयाच्या पलीकडे सरकतो आणि फरक जवळपास मिटतो.
मुंबई-लंडन पूर्व-पश्चिम असल्याने तिथे हाच फरक तासाच्या आसपास जातो. जाताना जास्त, येताना कमी.

चांदोबा
धन्यवाद, शाळेपासूनचा गैरसमज गेला.

मोपाकरीण
अवांतर: येता-जाता उंचीही वेगळी असते. उत्तरेपासून पूर्वेमार्गे दक्षिणेपर्यंतच्या दिशांना विषम हजार फूट, उरलेल्या अर्ध्याला सम. म्हणून दिल्लीला जाताना ३५ किंवा ३७ हजार आणि मुंबईला येताना ३४ किंवा ३६ हजार. समोरासमोरच्या विमानांत हजार फुटांचं अंतर राहतं.

वऱ्हाडी_वारा
नागपूरचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. नागपूरच का? अंतरं पाहा: मुंबई ६८३, दिल्ली ८५४, चेन्नई ९०९, कोलकाता ९८५ किमी. त्या काळच्या डाकोटाला ताशी तीनशेच्या आतबाहेर वेग, म्हणजे चारही शहरं एका रात्रीत जाऊन-येऊन करता येण्याच्या टप्प्यात. चौघांच्या इतकं मधोमध पडणारं, म्हणून नागपूर.

सह्याद्रीपल्याड
वा! हे माहीत नव्हतं. वेगळा धागा काढा यावर, वऱ्हाडीभाऊ.

गंगापूर_रोड
+१. पण मूळ विषयाकडे. ब्लॉक टाइमचा प्रवाशाला थेट उपयोग आहे, तो लिहून ठेवतो. विमानाला उशीर झाला तर खाणंपिणं कधी द्यायचं, हे डीजीसीएच्या नियमात ब्लॉक टाइमवर ठरतं. ब्लॉक अडीच तासांपर्यंत असेल तर दोन तास उशिरापासून. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तासांपासून, बाकीच्यांना चार तासांपासून. मुंबई-दिल्ली पहिल्या गटात येतं, म्हणून दोन तास झाले की काउंटरवर जाऊन मागा. अट एकच, तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं हवं. देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं काय घ्यायचं ते प्रवाशाने ठरवायचं.
भाड्याच्या मर्यादाही अशाच कधी वेळेवर, कधी अंतरावर बेतलेल्या असतात. मे २०२० मध्ये लावल्या तेव्हा वेळेचे टप्पे होते आणि मुंबई-दिल्ली ९० ते १२० मिनिटांच्या टप्प्यात धरलं होतं, ३५०० ते १०००० रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र अंतराचे टप्पे केले: ५०० किमीपर्यंत ७५००, १००० पर्यंत १२०००, १५०० पर्यंत १५००० आणि त्यापुढे १८००० रुपये. आपलं ११३८ तिसऱ्या टप्प्यात.

टेकडीवरचा
२०२० ला सव्वादोन तासांचा मार्ग दोन तासांच्या आतल्या टप्प्यात कसा?

गंगापूर_रोड
हवेतल्या वेळेच्या हिशेबाने. धावपट्टी_सत्तावीस यांनी वर १०० मिनिटं काढलीच आहेत.

पुणेरी_पंखा
पुण्याहून दिल्ली ११५७ किमी, म्हणजे मुंबईपेक्षा वीसेक किमी जास्तच, पण ब्लॉक टाइम मुंबईपेक्षा काकणभर कमीच. कारण टॅक्सी लहान आणि रांग छोटी. मात्र लोहगाव हवाई दलाचं आहे. त्यांची विमानं उडत असतील तेव्हा नागरी विमानाला थांबावं लागतं, त्याला इलाज नाही.

धावपट्टी_सत्तावीस
अगदी. मुंबईची अडचण दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात ही आहे. ०९/२७ आणि १४/३२ (एकाच पट्टीच्या दोन टोकांना दोन क्रमांक). एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवर गर्दीच्या तासात ४६ विमानं, म्हणजे सरासरी ७८ सेकंदांना एक. कुणी धावपट्टी सोडायला वीस सेकंद जास्त घेतले की मागच्याला 'गो अराउंड', म्हणजे पुन्हा वर चढून पंधरा मिनिटांचा फेरा. पावसाळ्यात दृश्यता गेली की घिरट्या सुरू होतात. एक घिरटी चार मिनिटांची: मिनिटभर वळण, मिनिटभर सरळ, पुन्हा वळण, पुन्हा सरळ. खिडकीतून तोच डोंगर तिसऱ्यांदा दिसला की आठ मिनिटं गेली समजा.
दिल्लीला जुलै २०२३ पासून चार धावपट्ट्या आहेत आणि त्याच वेळी पूर्वेचा उंच टॅक्सीवे सुरू झाला. त्याआधी टोकाच्या धावपट्टीवर उतरून टर्मिनल १ ला (टी-१) जायचं तर ९ किमी टॅक्सी व्हायची, ती २ किमीवर आली. पुण्यात खडकवासला ते स्वारगेट जेवढा रस्ता आहे त्याच्या निम्म्याहून जास्त विमान जमिनीवर चालत होतं, असं समजा.

अक्षांश (धागाकर्ता)
इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. एक राहिलं. दिल्लीच्या धुक्याचं काय? जानेवारीतली सकाळची बैठक असेल तर कोणतं विमान धरावं?

नॉटिकल
धुकं मध्यरात्रीनंतर दाटतं आणि सकाळी नऊ-दहाला उठायला लागतं. कॅट-३बी यंत्रणेत धावपट्टीवरची दृश्यता ५० मीटर असली तरी उतरता येतं, पण धावपट्टी, विमान आणि वैमानिक तिघेही त्यासाठी पात्र हवेत. आणि नुसतं उतरता येऊन भागत नाही. दाट धुक्यात दोन विमानांतलं अंतर वाढवतात, तासाला उतरणाऱ्यांची संख्या घटते. मग दिल्लीत घिरट्या घालण्यापेक्षा मुंबईतच थांबवलं जातं. प्रवाहनियंत्रण कक्ष प्रत्येक विमानाला उड्डाणाची नेमकी मिनिटं देतो. दारं बंद करून तासभर उभं राहायची वेळ येते ती बहुधा यामुळे.
सकाळच्या बैठकीला आदल्या दिवशी दुपारी पोचणारं विमान धरा. रात्री उशिराचंही नको, ते आधीच्या पाच फेऱ्यांचा उशीर घेऊन येतं आणि धुक्याच्या तोंडी सापडतं. डायव्हर्ट झालं तर बहुधा जयपूर, आणि तिथली पार्किंग अशा दिवशी लवकर भरते, मग लखनौ, अमृतसर किंवा अहमदाबाद.

मोपाकरीण
आणि तिकीट काढताना विमानतळाचं नाव वाचा, नुसतं शहराचं नाही. नवी मुंबईहून डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटताहेत. सांताक्रूझपासून ते सरळ रेषेत २४ किमीच आहे, म्हणजे दिल्लीचं हवाई अंतर जवळपास तेच, पण टॅक्सीने चुकीच्या ठिकाणी पोचलात तर दीड तासाची चूक. दिल्लीत हिंडन गाझियाबादकडे आहे. गोव्यात दाभोळी दक्षिणेला आणि मोपा अगदी उत्तरेला पेडण्यात. मुंबईत टी-१ आणि टी-२ चे दरवाजेही वेगळ्या रस्त्यांवर आहेत. देशांतर्गत काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात आणि गेट २५ मिनिटं आधी.

अक्षांश (धागाकर्ता)
लिहून घेतलं. तुम्हा सगळ्यांच्या आकड्यांवरून एक रीत जमवली आहे, तपासून सांगा: सरळ अंतर किमीत घ्यायचं, ८०० ने भागून मिनिटं करायची आणि त्यात ४५ मिळवायची. मुंबई किंवा दिल्ली गर्दीच्या वेळी असेल तर ५०.
मुंबई-दिल्ली: ८५ + ५० = २ तास १५.
मुंबई-नागपूर: ५१ + ४५ = १ तास ३६.
पुणे-दिल्ली: ८७ + ४५ = २ तास १२.
मुंबई-मोपा: २९ + ४५ = १ तास १४.
मुंबई-दुबई १९३० किमी: १४५ + ४५ = ३ तास १०.

धावपट्टी_सत्तावीस
जेटला बरोबर. दुबईला घड्याळ दीड तास मागे आहे ते विसरू नका, तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केलीत तर १ तास ४० येतील. पाच-सहा हजार किमीच्या पुढे वारा आणि बंद हवाई क्षेत्रं मोठी होतात, तिथे ही रीत सोडा. आणि एटीआरला (पंख्यांचं छोटं विमान) ८०० च्या जागी ५०० धरा, त्याची टॅक्सी आणि चढ लहान म्हणून ४५ च्या जागी ३५. तीनशे किमीच्या मार्गावर जेट आणि एटीआरमध्ये फरक पाच मिनिटांचाही राहत नाही.

पुणेरी_पंखा
मग छोट्या मार्गावर एटीआर दिसलं म्हणून तिकीट सोडू नये हे पक्कं झालं. केबिनमधली बॅग मात्र मोजून घ्या, वरचा कप्पा लहान असतो, मोठी ट्रॉली आत बसत नाही आणि दारातच काढून घेतात.